चावी फिरवली की नुसतं ‘खट्ट’ : बोटीचा सेल्फ सारखा का जातो, आणि काढायच्या आधी काय बघायचं

लक्षण एकदम ठरलेलं. इंजिन थंड असताना सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) मस्त उचलतो, मग तासभर इंजिन चालवून, बंद करून, परत निघायला चावी फिरवली की नुसतं खट्ट. परत फिरवली, परत खट्ट. असं बऱ्याचदा झालं की अचानक, काही झालंच नाही अशा थाटात, इंजिन सुरू. मग बॅटरी बदलून होते, थोडे दिवस बरं जातं, परत तेच, मग सेल्फ काढून रिपेअरला जातो, तिथे टेबलावर तो टकाटक फिरतो, "ओके आहे" म्हणून परत येतो आणि बोटीवर बसवला की पुन्हा खट्ट. शेवटी वैतागून नवा कोरा सेल्फ बसतो, आणि काही महिन्यांनी तोही त्याच वाटेने.

माझं म्हणणं सरळ आहे. तोच बिघाड दुसऱ्यांदा आला की सेल्फवरचा संशय कमी करायचा आणि त्याच्यापर्यंत करंट नेणाऱ्या वायरींवर वाढवायचा. सेल्फ खरंच जातो, नाही असं नाही, पण बोटीत तो बहुतेक वेळा कुणामुळे तरी जातो, आणि तो ‘कुणी’ जागेवर राहिला की नवा सेल्फही टिकत नाही.

खाली लिहिलंय ते मुख्यतः १२ व्होल्टच्या इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) डिझेलला धरून आहे, २४ व्होल्ट असेल तर बॅटरीच्या व्होल्टेजचे आकडे दुप्पट धरा. आउटबोर्डचं (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाचं) शेवटी थोडं वेगळं लिहिलंय.

आधी कान लावा

आवाजावरून अर्धं काम होतं. चावी फिरवली आणि एकदम शांतता, खट्ट पण नाही, म्हणजे सोलेनॉइडला (मोटरला जाड करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) सिग्नलच पोचत नाहीये. इथे आधी फुकटातल्या गोष्टी बघा: मेन बॅटरी स्विच चालू आहे का, गिअरचा दांडा खरंच न्यूट्रलमध्ये आहे का (न्यूट्रल सेफ्टी स्विच जरासा सरकलेला असला तरी सेल्फ गप्प बसतो, दांडा थोडा पुढे-मागे हलवत चावी फिरवून बघा), आणि हार्नेसवरचा फ्यूज. बऱ्याच इंजिनांवर हा फ्यूज इंजिनजवळच वायरींच्या गठ्ठ्यात लपलेला असतो आणि पॅनलवरचे फ्यूज दहादा बघणाऱ्यांना तो माहीतच नसतो.

भराभर कटकटकटकट असा आवाज आला तर बॅटरी किंवा जाड केबल. असं का होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात, एक प्लंजर (आतला सरकणारा लोखंडी दांडा) ओढणारी आणि एक ओढलेला धरून ठेवणारी. प्लंजर ओढला गेला की आतला तांब्याचा कॉन्टॅक्ट जुळतो, मोटरला जाड करंट जातो, आणि त्याच क्षणी ओढणाऱ्या कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं म्हणून ती आपोआप बंद पडते. आता सगळी मदार धरून ठेवणाऱ्या कॉइलवर. बॅटरी कमजोर असेल तर मोटरचा लोड आला की व्होल्टेज कोसळतं, कॉइलची पकड सुटते, कॉन्टॅक्ट उघडतो, लोड गेला म्हणून व्होल्टेज परत वर येतं, परत ओढलं जातं. झाली कटकट सुरू. बॅटरी चांगली असून, केबल चांगली असून कटकट होत असेल तर धरून ठेवणारी कॉइल तुटलेली असू शकते, पण हे क्वचित.

एकच दणदणीत खट्ट आणि पुढे काही नाही, ही सगळ्यात फसवी केस, तिच्यावर खाली सविस्तर. सेल्फ घूंऽऽ करून मोकळाच फिरतोय आणि इंजिन ढिम्म, म्हणजे पिनियनचा (सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचा) वन-वे क्लच घसरतोय किंवा पिनियन रिंग गिअरपर्यंत (फ्लायव्हीलच्या कडेच्या दातांपर्यंत) जातच नाही. आणि खरखर करून दात घासल्याचा आवाज आला तर तिथेच थांबा, रिंग गिअरचे दात गेले तर फ्लायव्हीलपर्यंत पोचायला गिअरबॉक्स मागे सरकवावा लागतो आणि ते काम कुणालाच नको असतं.

पेट्रोल इंजिन असेल तर

मीटर हातात घ्यायच्या आधी इंजिन रूमचा ब्लोअर निदान ४ मिनिटं चालवा आणि नाकाने वास घ्या. स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडची दोन टर्मिनलं जोडून सेल्फ फिरवायची जी सगळ्यांची लाडकी ट्रिक आहे ती पेट्रोल बोटीवर अजिबात करायची नाही, तळाला साचलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. डिझेलवरही मी ती टाळतो. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि इंजिन चुकून गिअरमध्ये असेल तर बोट जागेवरून सुटते.

मीटर लावा, पण चावी फिरवताना

नुसत्या शांत बॅटरीचं व्होल्टेज बघून काही कळत नाही. १२.६ ते १२.७ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, एवढंच त्यातून समजतं. खरी परीक्षा लोडवर. त्यासाठी एक जण चावीवर आणि एक जण मीटरवर लागतो. डिझेलचा स्टॉप लिव्हर ओढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि समुद्राचं पाणी घेणारा सीकॉक (व्हॉल्व्ह) बंद करा. हे दुसरं लोक विसरतात. इंजिन सुरू न होता नुसतं क्रँक होत राहिलं तर पंप पाणी ढकलत राहतो पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो, मग मफलर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन सुरू करताना सीकॉक आठवणीने उघडा, नाहीतर इम्पेलर (पंपातलं पाकळ्यांचं चाक) कोरडा फिरून त्याच्या पाकळ्या तुटतील. चावीलाच एक चिठ्ठी बांधून ठेवा.

आता मीटरचे दोन्ही प्रोब थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवा, क्लॅम्पवर नाही, आणि क्रँक करा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी चार्ज करून लोड टेस्ट करून घ्या, पुढची मापं कमजोर बॅटरीवर घेण्यात अर्थ नाही. १०.५ च्या वर राहत असेल आणि तरी सेल्फ रडत असेल तर बॅटरी निर्दोष, पुढे चला.

एक प्रोब बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, दुसरा सेल्फवरच्या जाड बोल्टवर, ज्याला ३० नंबर म्हणतात. चावी फिरवायच्या आधी मीटर शून्य दाखवेल, क्रँक करताना जे दिसेल ते त्या रस्त्यात वाया गेलेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर केबल, लग (केबलच्या टोकाची कडी), मेन स्विच यातलं काहीतरी खातंय. तसंच मायनसच्या बाजूला, एक प्रोब मायनस खांबावर आणि दुसरा सेल्फच्या बॉडीवर, रंग नसलेल्या जागी. इथे ०.३ पेक्षा जास्त नको.

अर्धा व्होल्ट म्हणजे काय मोठं, असं वाटतं. छोटं डिझेल क्रँक करताना २०० अँपिअर सहज घेतं. ०.००५ ओहम, म्हणजे मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर जे दिसतही नाही एवढं, त्याच्यावर २०० अँपिअरला एक अख्खा व्होल्ट जातो आणि त्या एका जॉइंटमध्ये २०० वॉटची उष्णता तयार होते. म्हणूनच ओहम मोजून केबल चांगली ठरवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, ती चांगलीच दिसणार. मापन न करता पटकन शोधायचं असेल तर दोनचार सेकंद क्रँक करून लगेच प्रत्येक जॉइंटला हात लावत जा, जो गरम लागेल तो चोर.

केबलची लांबी पण बघा. ५० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रेझिस्टन्स मीटरमागे साधारण ०.३५ मिलिओहम असतो, जाऊन-येऊन ६ मीटर धरले तर २०० अँपिअरला ०.४ व्होल्टच्या थोडं वर जातं, ते पण सगळे जॉइंट नवे असताना. कुणी वजन साधायला म्हणून बॅटऱ्या दुसऱ्या टोकाला हलवल्या आणि केबल तीच ठेवून तुकडा जोडला की पुढच्या सीझनला सेल्फच्या तक्रारी सुरू. आणि लगजवळ केबल जरा कापून बघा, आतली तार काळी किंवा हिरवट पडली असेल तर ते पॉलिश पेपरने साफ होत नाही, ओलावा इन्सुलेशनच्या आतून बराच लांब गेलेला असतो. अख्खी केबल बदला, टिनवाली घ्या, लग चांगल्या क्रिम्पिंग टूलने दाबा आणि वरून गोंदवाली हीटश्रिंक.

मायनसचा एक वेगळा घोळ. बहुतेक सेल्फना स्वतःची मायनस वायर नसते, बॉडी जिथे इंजिनला टेकते तीच त्यांची अर्थिंग. तिथे गंज किंवा रंग असला की झालं. नवे सेल्फ पण फ्लँजला रंग मारूनच येतात, तो रंग टेकणाऱ्या भागावरून खरवडून मगच बसवा.

त्या एका ‘खट्ट’ची गोष्ट

आता जाड केबल ओके आहे असं धरू आणि तरी एकच खट्ट. मीटर प्लसचा प्रोब सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर, ५० नंबर, मायनस प्रोब सेल्फच्या बॉडीवर, चावी फिरवा. इथे जे दिसेल त्यावर सगळा निकाल.

इथलं व्होल्टेज त्याच वेळच्या बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी असेल तर सेल्फला हात लावू नका. बोटीत चावीची वायर बॅटरीपासून पॅनलपर्यंत जाते, चावीच्या स्विचमधून फिरते, परत इंजिनकडे येते, मधे एक-दोन मल्टिपिन कनेक्टर, न्यूट्रल स्विच, फ्यूज, आणि हा सगळा प्रवास बारीक वायरीतून. आणि प्लंजर ओढायला सोलेनॉइडला क्षणभर ३०-४० अँपिअर लागू शकतात. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या की ५० नंबरवर ७-८ व्होल्टच उरतात, प्लंजर अर्धवट ओढला जातो, खट्ट वाजतं, पण कॉन्टॅक्ट जुळत नाही.

आणि गरम झाल्यावरच का, तर तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, ५० अंशांनी तापलं की साधारण २० टक्के. इंजिनला चिकटलेली कॉइल तेवढी तापतेच. मग आधीच काठावर असलेला करंट आणखी कमी, प्लंजरचा जोर कमी. टेबलावर सेल्फ का चालतो तेही यातच आलं: तिथे जाड वायरने थेट १२ व्होल्ट दिलेले असतात आणि तो थंडगार असतो.

उपाय, आधी कनेक्टर उघडून पिना साफ करा किंवा सरळ कापून प्रत्येक वायर वेगळी क्रिम्प करा, चावीचा स्विच तपासा. पण कायमचं औषध म्हणजे सेल्फजवळ एक रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच). चावीकडून येणारी जुनी वायर ५० वरून काढून रिलेच्या ८६ वर, ८५ इंजिनच्या अर्थिंगला, ३० ला सेल्फच्या जाड बोल्टवरून फ्यूज घालून ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची वायर, आणि ८७ वरून तेवढीच जाड वायर सेल्फच्या ५० वर. रिले निदान ४० अँपिअरचा, ७० चा मिळाला तर उत्तम, आणि अशा जागी लावा की वरून पाणी पडणार नाही, टर्मिनलं खाली तोंड करून. आता लांबच्या बारीक वायरीतून फक्त रिलेची कॉइल चालते, तिला पाव अँपिअरही लागत नाही. पेट्रोल बोटीवर मात्र ठिणगी बाहेर न जाऊ देणारा, इग्निशन प्रोटेक्टेड रिलेच.

५० वर व्होल्टेज पूर्ण आहे, ३० वरही आहे, खट्ट जोरात येतंय, पण सोलेनॉइडमधून मोटरकडे जाणाऱ्या दुसऱ्या जाड बोल्टवर शून्य, म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत. त्या बोल्टवर व्होल्टेज येतंय आणि तरी मोटर फिरत नाही, म्हणजे कार्बन (फिरणाऱ्या भागाला करंट देणारे ब्रश) संपलेत किंवा आर्मेचर (तो फिरणारा भाग) गेलं. अशा वेळी लाकडी मुठीने हलकेच ठोकलं आणि सेल्फ फिरला तर कार्बन अडकलेत हे नक्की. हलकेच. परमनंट मॅग्नेटवाल्या सेल्फवर हातोडा चालवला तर आतलं मॅग्नेट तडकतं आणि मग खरंच नवा घ्यावा लागतो.

आणखी एक शक्यता, इंजिनच जाम. क्रँकशाफ्टच्या पुढच्या नटाला पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेला हाताने फिरवून बघा. फिरता फिरता एकदम कडक अडकलं तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. परत सेल्फ मारून बघू म्हणू नका, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढा, पेट्रोल असेल तर प्लग काढा, पाणी बाहेर येऊ द्या आणि ते आलं कुठून ते शोधा.

काढायचाच असेल तर

बॅटरीचा मायनस आधी काढा, मेन स्विचवर भरवसा नको, काही बोटींत सेल्फची केबल स्विचच्या आधीच जोडलेली सापडते. फोटो काढा, वायरींना टॅग लावा. खालचा बोल्ट आधी सैल करा, वरचा शेवटी, कारण सेल्फ दिसतो त्यापेक्षा जड असतो आणि आडवं पडून एका हाताने धरताना बोटं सापडतात. खाली एखादं जाड फडकं पसरून ठेवा, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाला) गेलेला वायसर परत मिळत नाही. सेल्फ निघाला की त्या भोकातून टॉर्चने रिंग गिअर बघा, इंजिन हाताने पूर्ण फेरा फिरवत. इंजिन थांबताना ठराविक दोन-तीन जागीच थांबतं, त्यामुळे दात तिथेच जास्त झिजतात.

सोलेनॉइडचं मागचं झाकण उघडलं की तांब्याचे दोन कॉन्टॅक्ट आणि प्लंजरवरची चकती दिसते. एका बाजूने खड्डा पडून काळे झाले असतील तर किट मिळत असल्यास बदला, नसेल तर घासून तात्पुरतं भागतं, काही जण कॉन्टॅक्ट उलटा फिरवून बसवतात. कार्बन उत्पादकाने दिलेल्या मापापेक्षा झिजले असतील, किंवा स्प्रिंगने मोकळेपणाने सरकत नसतील तर सगळे एकदम बदला. कम्युटेटर (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्या, ज्यांना कार्बन टेकतात) बारीक पॉलिश पेपरने साफ करा, एमरी नको, तिचे कण करंट वाहू शकतात आणि पट्ट्यांमधल्या फटीत जाऊन बसतात. पुढच्या बुशमध्ये शाफ्ट डुगडुगत असेल तर आर्मेचर आत घासतं आणि सेल्फ गरम झाल्यावर जड फिरतो. पिनियन एका दिशेला मोकळं, दुसऱ्या दिशेला घट्ट फिरलं पाहिजे, दोन्हीकडे फिरत असेल तर क्लच गेला. क्लच डिझेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये बुडवून धुवू नका, आतलं ग्रीस निघून जातं. बंद करताना ओ-रिंग नव्या घाला, बोटीत तिथेच कंजुषी महागात पडते.

नवा घेताना जुना शेजारी ठेवून जुळवा: दात, फिरण्याची दिशा (दोन इंजिनांच्या काही बोटींत एक इंजिन उलटं फिरतं), बोल्टची जागा, नाकाची लांबी. जीएम ब्लॉकच्या पेट्रोल इंजिनांत फ्लायव्हील १५३ दातांचंही असतं आणि १६८ चंही, सेल्फ वेगळे लागतात. अशा खालून बोल्ट होणाऱ्या सेल्फला शिम (अंतर जुळवायच्या पातळ पट्ट्या) लागू शकतात, क्रँक करताना किंचाळला तर पिनियन लांब आहे, इंजिन सुरू होऊन चावी सोडताना किंचाळला तर फार जवळ. ॲल्युमिनियमच्या बोटीत अर्थिंग वेगळी ठेवलेला, दोन वेगळ्या टर्मिनलांचा सेल्फ असेल तर तसाच घ्या. आणि पेट्रोल बोटीवर गाडीचा सेल्फ बसतो म्हणून बसवू नका, मरीनवाला ठिणगी आत ठेवण्यासाठी बंद केलेला असतो.

मग तो मेला कशाने?

वरती बघा. शब्दशः, सेल्फच्या वर काय आहे ते बघा. एक्झॉस्ट एल्बोचा गॅस्केट, सी-वॉटर पंपचा सील, हीट एक्स्चेंजरचं झाकण, यातलं काहीतरी थेंब थेंब ठिबकत असतं आणि मीठ सेल्फवर पांढरं जमलेलं दिसतं. ती गळती बंद केल्याशिवाय नवा सेल्फ बसवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. दुसरं, बिल्जचं पाणी फ्लायव्हीलच्या खालच्या कडेला पोचलं तर फ्लायव्हील ते सगळीकडे उडवतं, सेल्फ बाहेरून कोरडा, आतून खारट.

तिसरं कारण म्हणजे उशिरा सुरू होणारं इंजिन. ग्लो प्लग गेलेत, डिझेलच्या लाइनमध्ये हवा येतेय, आणि माणूस चावी धरून बसलाय. एका वेळी १० सेकंद, मग निदान २ मिनिटं विश्रांती. सेल्फ काही मिनिटं सलग चालायला बनलेलाच नसतो, आतलं सोल्डर वितळून बाहेर उडतं. आणि सेल्फ चावी सोडल्यावरही फिरतच राहिला तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, आधी इंजिन बंद करा आणि लगेच मेन स्विच. उलट क्रमाने केलं तर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात.

आउटबोर्डचं थोडक्यात: तिथे सोलेनॉइड बहुतेक सेल्फपासून वेगळा छोटा डबा असतो, त्यामुळे तपासणी सोपी, दोन्ही जाड बोल्टांच्या मधे मीटर लावा, क्रँक करताना ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर सोलेनॉइड बदला. पिनियन उभ्या शाफ्टच्या आट्यांवरून वर जाऊन फ्लायव्हीलला लागतं, त्या आट्यांवर जाड ग्रीस थापलं की ते धुळीने चिकट होतं आणि मोटर फिरते पण पिनियन चढत नाही. साफ करून अगदी हलकं तेल पुरे.

सगळं जागेवर आल्यावर, इंजिन गरम असताना, वरची चारही मापं परत घ्या: बॅटरीवरचं, प्लस केबलचं, मायनस केबलचं आणि ५० नंबरचं. ती मार्करने इंजिन रूमच्या दाराच्या आत लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या वेळी खट्ट झालं की त्यातला कोणता आकडा हलला तेवढंच बघायचं.